स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार आणि अर्बुदातील खुणा

बेळगाव शहरात रेल्वेमार्गाच्या दक्षिणेस वसलेल्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाने ओळखला जाणारा, जुन्या वृक्षांनी भरलेला एक विस्तीर्ण परिसर आहे. एके काळी देवीच्या रोगावरील लस येथे तयार होत असे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. ज्या रोगाच्या नुसत्या नावाने गावेच्या गावे ओस पडत, तो रोग आजच्या पिढीने पाहिलेलाही नाही.

देवीचा प्रसार होत असे तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ‘प्रसार’ या शब्दाचा अर्थ सर्वस्वी निराळा आहे. कर्करोग हा संसर्गजन्य नव्हे. रुग्णाजवळ बसल्याने, तिच्या हातचे अन्न खाल्ल्याने किंवा तिच्या बाळाला जवळ घेतल्याने तो कोणासही होत नाही. तो पसरतो तो एकाच शरीराच्या आत, एका अवयवातून दुसऱ्या अवयवात. हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेक घरांत आजारी स्त्रीचे ताट-वाटी वेगळी केली जाते आणि रोगाच्या यातनेत एकाकीपणाची भर पडते.

शरीरातील हा प्रसार कोणत्या रुग्णात होण्याचा संभव अधिक आणि कोणत्या रुग्णात कमी, हे आधीच ओळखता आले तर उपचारांची दिशा ठरविणे सोपे होते. गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने या दृष्टीने बरीच मजल मारली आहे. प्रस्तुत लेखात त्याच विषयाची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन भगिनी, एकच रोग

समजा, टिळकवाडीत राहणारी अठ्ठावन्न वर्षांची एक निवृत्त शिक्षिका आणि निपाणीनजीकच्या खेड्यातील, तंबाखूच्या वखारीत काम करणारी बेचाळीस वर्षांची एक स्त्री अशा दोघी एकाच आठवड्यात एकाच रुग्णालयात दाखल झाल्या. दोघींच्या स्तनात सुमारे दोन सेंटिमीटरची गाठ. दोघींचे निदान एकच, स्तनाचा कर्करोग. शिक्षिकेवर शस्त्रक्रिया व गरजेनुसार किरणोपचार होतात आणि रोज एक गोळी घेण्यास सांगून तिला घरी पाठविले जाते. वखारीतील स्त्रीला मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच कित्येक महिने शिरेवाटे औषधे घ्यावी लागतात. तिचे केस गळतात, मजुरी बुडते, घरची घडी विस्कटते.

“शहरातल्या बाईंना गोळी आणि आमच्या नशिबी सुया, असे का?” असा प्रश्न तिच्या घरच्यांना पडला तर त्यात नवल नाही. क्वचित या प्रश्नाचे रूपांतर संशयात होते आणि उपचार अर्ध्यावर सोडले जातात. उलट पक्षी शिक्षिकेलाही वाटू शकते, की गाठ गेली, प्रकृती ठणठणीत आहे, मग पाच वर्षे गोळी कशाला? तीही एक दिवस गोळी बंद करते. दोन्ही निर्णय प्राणावर बेतू शकतात.

उपचारांतील हा भेद श्रीमंती-गरिबीमुळे किंवा शहर-खेड्यामुळे पडलेला नसतो. दोघींच्या गाठी बाहेरून सारख्या वाटल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक परीक्षेत त्या निराळ्या ठरलेल्या असतात. त्यांच्या पेशींवर निरनिराळ्या ‘खुणा’ असतात. या खुणांनाच वैद्यकीय परिभाषेत जैवनिर्देशक असे म्हणतात.

बी आणि जमीन

स्तनातील गाठ स्तनापुरतीच मर्यादित राहिली, तर ती सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो तिचा प्रसार. गाठीतील काही पेशी मूळ जागा सोडतात, लसिकावाहिन्यांतून काखेतील ग्रंथींत किंवा रक्तवाहिन्यांतून दूरच्या अवयवांत पोहोचतात आणि तेथे नवीन गाठ धरतात. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्रामुख्याने हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू या ठिकाणी रुजतात.

त्या याच ठिकाणी का रुजतात? लंडन येथील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली या प्रश्नाचा विचार केला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. प्रसार जर निव्वळ योगायोगाने होत असता, तर सर्वच अवयवांत तो सारख्या प्रमाणात आढळला असता. तसे दिसून आले नाही. यकृतात तो वारंवार आढळला, तर रक्ताचा पुरवठा भरपूर असूनही प्लीहेत क्वचितच. यावरून त्यांनी अनुमान काढले, की कर्कपेशी ही बियांसारखी असते. वारा बी सर्वत्र नेतो, पण ते उगवते मानवणाऱ्या जमिनीतच.

सीमाभागातील शेतकऱ्यास हे तत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. निपाणीच्या काळ्या रानाला विडीचा तंबाखू मानवतो, तर खानापूरकडील तांबडी माती आणि तेथील पाऊस भाताला मानवतो. बी चांगले आहे एवढ्याने पीक येत नाही, तसेच जमीन चांगली आहे एवढ्यानेही येत नाही. दोहोंचा मेळ जमावा लागतो. आजचे संशोधन पॅजेट यांच्या या उपमेलाच पुढे नेत आहे. बियाणे कोणत्या जातीचे आहे, त्याची उगवणशक्ती किती आहे आणि ते कोठे रुजू शकेल, हे बियांवरील खुणांवरून ओळखणे हाच त्याचा उद्देश होय.

जुनी मोजमापे

या खुणांचा शोध लागण्यापूर्वीही डॉक्टर प्रसाराचा अंदाज बांधीत असत आणि त्यांची ती मोजमापे आजही तितकीच महत्त्वाची आहेत. गाठ किती मोठी आहे, काखेतील किती ग्रंथींत रोग पोहोचला आहे आणि दूरच्या अवयवांत तो आढळतो किंवा नाही, या तीन गोष्टींवरून रोगाची अवस्था ठरविली जाते. काखेतील ग्रंथी रोगमुक्त असतील, तर पुढे प्रसार होण्याचा संभव कमी असतो. बाधित ग्रंथींची संख्या जसजशी वाढते, तसतसा धोका वाढत जातो.

चौथे मोजमाप म्हणजे गाठीची ‘श्रेणी’. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी पाहतात. पेशी मूळ स्तनग्रंथीप्रमाणे नळीच्या आकारात मांडलेल्या आहेत काय, पेशींची केंद्रके किती बेढब झाली आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत आहेत. प्रत्येक गोष्टीस एक ते तीन गुण दिले जातात. बेरीज तीन ते पाच असल्यास पहिली श्रेणी, सहा किंवा सात असल्यास दुसरी आणि आठ किंवा नऊ असल्यास तिसरी. तिसऱ्या श्रेणीची गाठ झपाट्याने वाढणारी समजली जाते.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘अवस्था’ आणि ‘श्रेणी’ हे दोन शब्द अहवालात जवळजवळ येतात व वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. रोग किती दूर गेला आहे, हे अवस्था सांगते. त्याची चाल किती वेगवान आहे, हे श्रेणी सांगते. तिसरी श्रेणी म्हणजे तिसरी अवस्था नव्हे. श्रेणी तिसरी असूनही गाठ पहिल्या अवस्थेत सापडलेली असू शकते आणि अशा रुग्णाने धीर सोडण्याचे कारण नाही.

पेशींवरील मुख्य खुणा

शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रीचे बीजकोश काढून टाकल्यावर तिचे अर्बुद ओसरू लागले होते. बीजकोशातून स्रवणाऱ्या कोणत्या तरी द्रव्यावर ही गाठ पोसली जात असली पाहिजे, हे यावरून सूचित झाले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास शिकागो येथील एलवूड जेन्सन यांनी दाखवून दिले, की इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकास पकडून ठेवणारे एक प्रथिन पेशीत असते. त्यास संप्रेरकाचा ग्राही म्हणतात. कुलूप आणि किल्ली यांप्रमाणे ग्राही आणि संप्रेरक यांचे नाते असते. किल्ली कुलपात बसली, की पेशीला वाढण्याची आज्ञा मिळते.

ही झाली पहिली खूण. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही ही तिची जोडीदार होय. पाश्चात्त्य देशांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांच्या गाठी ग्राहीयुक्त असतात. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आढळते. अशा गाठी बहुधा सावकाश वाढतात आणि त्यांवर कुलूप बंद करणारे औषध उपलब्ध आहे. अमेरिकेत १९७७ साली मान्यता मिळालेली टॅमॉक्सिफेन ही गोळी त्याचे उत्तम उदाहरण होय. पाच वर्षे नियमितपणे ही गोळी घेणाऱ्या ग्राहीयुक्त रुग्णांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, असे हजारो स्त्रियांच्या पाहणीतून सिद्ध झाले आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांना लेट्रोझोलसारखी औषधेही देण्यात येतात. ग्राही नसलेल्या गाठीवर मात्र या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

तिसरी खूण म्हणजे ‘हर-टू’ नावाचे प्रथिन. पेशीच्या आवरणावर ते थोड्या प्रमाणात असतेच. तथापि सुमारे १०० पैकी १५ ते २० गाठींत ते प्रमाणाबाहेर वाढलेले असते. अमेरिकन संशोधक डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखविले, की अशा गाठी उलटण्याचा संभव अधिक असतो. हीच खूण पुढे उपचाराचे लक्ष्य बनली. ट्रॅस्टुझुमॅब या औषधास १९९८ साली मान्यता मिळाली आणि एके काळी अत्यंत वाईट समजल्या जाणाऱ्या या प्रकाराचे भवितव्य पालटले. दुष्चिन्ह मानलेली खूणच उपचाराचे दार ठरली.

चौथी खूण ‘की-सिक्स्टी-सेव्हन’ या नावाने ओळखली जाते. जर्मनीतील कील या शहरी १९८३ साली हिचा शोध लागला. नावातील ‘की’ हे कील शहराचे आद्याक्षर आणि ६७ हा प्रयोगपात्रातील खळग्याचा क्रमांक. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींतच हे प्रथिन आढळते. शंभर पेशींपैकी किती पेशींत ते आहे, यावरून गाठीच्या वाढीचा वेग समजतो.

ज्या गाठीत पहिल्या तीनही खुणा आढळत नाहीत, तिला त्रि-नकारात्मक असे म्हणतात. भारतातील स्त्रियांत या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक दिसून येते. तिच्यावर गोळीचा उपाय चालत नाही. रसायनोपचार हाच तिच्यावरील मुख्य उपाय होय. वर उल्लेखिलेल्या निपाणीकडील भगिनीची गाठ या प्रकारची असेल, तर तिला दिलेल्या सुया हा अन्याय नसून तिच्या रोगावरील योग्य उपाय आहे, हे आता ध्यानात येईल. टिळकवाडीच्या शिक्षिकेची गाठ ग्राहीयुक्त आणि मंद चालीची असल्यामुळे तिला गोळी पुरेशी ठरली.

प्रसाराचा काळही या खुणांनुसार बदलतो. त्रि-नकारात्मक रोग उलटलाच, तर बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत उलटतो. तो काळ सुखरूप पार पडला, की धोका पुष्कळच कमी होतो. ग्राहीयुक्त रोग मात्र दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांनीही डोके वर काढू शकतो. म्हणूनच प्रकृती उत्तम वाटत असतानाही गोळी सोडावयाची नसते.

संशोधनातील मराठी नावे

या क्षेत्रात मराठी संशोधकांचे कार्य अभिमानास्पद आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

१९१७ साली पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची सोय त्यामुळे झाली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता आणि संप्रेरके यांच्यातील संबंध त्यांनी तपासला. आनुवंशिकतेचा प्रश्न ज्या काळी फारसा कोणी विचारात घेत नव्हते, त्या काळी त्यांनी तो हाती घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला. १९९४ व १९९५ साली स्तनाच्या कर्करोगाशी निगडित अशा बीआरसीए-वन आणि बीआरसीए-टू या दोन जनुकांचा शोध लागला, तेव्हा त्यांनी निवडलेल्या दिशेचे महत्त्व अधोरेखित झाले.

अनेक खुणांची एकत्र बेरीज

एकेका खुणेवरून बांधलेला अंदाज ढोबळ असतो. म्हणून अनेक खुणा एकत्र मोजून एकच गुणांक काढण्याच्या पद्धती पुढे आल्या. अमेरिकेतील एका चाचणीत गाठीतील २१ जनुकांची, तर नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या चाचणीत ७० जनुकांची हालचाल मोजली जाते.

या चाचण्यांचा उपयोग कोणास होतो? संप्रेरक-ग्राही असलेली, हर-टू नसलेली आणि लवकर सापडलेली गाठ ज्यांना आहे, अशा स्त्रियांना प्रामुख्याने होतो. त्यांच्यापैकी अनेकींना पूर्वी ‘असू द्यावे’ म्हणून रसायनोपचार दिले जात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १०,२७३ स्त्रियांचा समावेश होता. काखेतील ग्रंथी रोगमुक्त असलेल्या आणि २१ जनुकांचा गुणांक मध्यम असलेल्या, पन्नाशीपुढील स्त्रियांना रसायनोपचाराने अधिक लाभ होत नाही, असे तीत आढळून आले. हजारो भगिनी त्यामुळे अनावश्यक यातनेतून वाचल्या.

या परदेशी चाचण्यांचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो. या दृष्टीने बंगळूर येथे विकसित झालेली ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ ही चाचणी लक्षणीय आहे. तीत जनुकांऐवजी पाच प्रथिनांच्या खुणा तपासल्या जातात. त्यांना गाठीचा आकार, श्रेणी व ग्रंथींची स्थिती यांची जोड देऊन संगणकाच्या साहाय्याने गुणांक काढला जातो आणि पुढील पाच वर्षांत दूरच्या अवयवांत प्रसार होण्याचा धोका कमी की अधिक, हे सांगितले जाते. अशी चाचणी प्रत्येकीस लागतेच असे नाही. ग्राही आणि हर-टू यांची तपासणी मात्र प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत झालीच पाहिजे. तिला येणारा खर्च त्या मानाने पुष्कळ कमी असतो.

अंदाज म्हणजे भविष्य नव्हे

‘शितावरून भाताची परीक्षा’ अशी म्हण आहे. गाठीचा लहानसा तुकडा तपासून सर्व रोगाचा अंदाज बांधणे हे काहीसे तसेच आहे. परंतु भाताच्या पातेल्यातही तळाची शिते करपलेली आणि वरची कच्ची असू शकतात. गाठीच्या एका भागातील पेशी दुसऱ्या भागातील पेशींहून निराळ्या असू शकतात. दूरच्या अवयवात उगवलेल्या गाठीच्या खुणाही मूळ गाठीहून कधी कधी बदललेल्या आढळतात. म्हणून रोग उलटल्यास, शक्य असेल तेथे, नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासला जातो.

दुसरी गोष्ट अशी, की हा अंदाज समूहाचा असतो. ७० जनुकांच्या चाचणीची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. आकार व ग्रंथी यांवरून धोका अधिक, परंतु जनुकांवरून धोका कमी ठरलेल्या स्त्रियांचा एक गट तीत होता. त्यांच्यापैकी ज्यांना रसायनोपचार दिले नाहीत, त्यांत १०० पैकी सुमारे ९५ जणींना पाच वर्षांनंतरही दूरच्या अवयवांत प्रसार झालेला नव्हता. आकडा आशादायक आहे. तथापि उरलेल्या पाचजणींचे काय, हा प्रश्न उरतोच. त्या पाच कोण असतील, हे आधी सांगणे आजही शक्य नाही. पावसाचा अंदाज ऐकून शेतकरी पेरणीची तयारी करतो, पण आभाळाकडे पाहणे सोडीत नाही. कमी धोका सांगितलेल्या स्त्रीनेही ठरलेल्या वेळी तपासणीस जाणे सोडू नये आणि अधिक धोका सांगितलेल्या स्त्रीने तो विधिलिखित समजू नये. अधिक धोका याचा अर्थ अधिक दक्ष उपचार, इतकाच आहे.

रक्ताच्या तपासणीविषयीही खुलासा करणे जरूर आहे. ‘सीए फिफ्टीन-थ्री’ किंवा ‘सीईए’ यांसारख्या चाचण्यांनी सुरुवातीचा कर्करोग ओळखता येतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. बळावलेल्या रोगात उपचार लागू पडत आहेत काय, हे पाहण्यास त्या साह्यभूत होतात. धडधाकट स्त्रीने त्या करून घेण्यात पैसा खर्च होतो आणि खोटी भीती किंवा खोटा दिलासा तेवढा पदरी पडतो.

नमुना जपला तरच खूण सापडते

या सर्व परीक्षा ज्या तुकड्यावर होतात, तो तुकडा नीट जपला गेला नाही तर महागातील महाग चाचणीही निरुपयोगी ठरते. लहान गावांत याबाबत होणारी हेळसांड रुग्णाचे फार मोठे नुकसान करते.

गाठ काढल्यानंतर शक्यतो एका तासाच्या आत ती फॉर्मेलिन या द्रावणात ठेवावी लागते. द्रावण योग्य तीव्रतेचे आणि भरपूर हवे, भांडे रुंद तोंडाचे हवे. नमुना या द्रावणात किमान ६ तास आणि कमाल ७२ तास असावा, असा दंडक आहे. मिठाच्या पाण्यात किंवा रिकाम्या डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी शहरात नेलेल्या गाठीतील प्रथिने नष्ट होऊ लागतात. मग ग्राही असूनही ‘नाही’ असा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो आणि जी गोळी त्या स्त्रीचे प्राण वाचवू शकली असती, ती तिला मिळतच नाही.

नंतर हा तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा तयार केला जातो. त्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेतात आणि विशिष्ट प्रतिद्रव्ये व रंग यांच्या साहाय्याने खुणा उमटवितात. संप्रेरकांचे ग्राही असतील तर पेशीचे केंद्रक तपकिरी दिसते. हर-टू अधिक असेल तर पेशीभोवती तपकिरी कडे उमटते. हर-टूचा निष्कर्ष शून्य, एक, दोन किंवा तीन अशा प्रमाणात दिला जातो. तीन म्हणजे निश्चित होकार. दोन आल्यास मात्र निष्कर्ष संदिग्ध असतो आणि जनुकांची आणखी एक तपासणी करावी लागते. ती न करता थांबणे योग्य नव्हे.

मेणाचा ठोकळा अनेक वर्षे टिकतो. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतील रुग्ण बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर किंवा मुंबई अशा निरनिराळ्या ठिकाणी उपचारास जातात. रुग्णालय बदलताना मूळ अहवाल, ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घेऊन सोबत न्याव्यात. नव्या डॉक्टरांना मूळ रोगाचे स्वरूप कळण्याचा तोच खात्रीचा मार्ग असतो. जमिनीचा सातबारा ज्या काळजीने जपला जातो, त्याच काळजीने हे कागद जपावेत.

सुईने रोग पसरत नाही

‘गाठीला सुई लावली की ती चवताळते’ हा समज शहरांतही आढळतो. वस्तुतः जाड सुईने तुकडा काढून तपासणे हीच आज निदानाची सर्वमान्य पद्धत आहे आणि तिच्यामुळे रोगाचा प्रसार होऊन जीवितास धोका वाढतो, असे दिसून आलेले नाही. उलट तपासणी न करता गाठ घाईने कापून काढल्यास पुढील उपचारांची घडी विस्कटते. सुईच्या भीतीने गेलेले महिने मात्र गाठीला वाढण्यास मिळालेले असतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी होऊ शकणाऱ्या प्रसाराविषयी टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील अकरा केंद्रांत महत्त्वाचा अभ्यास झाला. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात सुमारे १,६०० स्त्रियांचा समावेश होता. त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांच्या गाठीभोवती, शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे, बधिरता आणणारे लिग्नोकेन हे नेहमीचे औषध टोचण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हे औषध दिलेल्या गटात १०० पैकी सुमारे ९० स्त्रिया, तर न दिलेल्या गटात सुमारे ८६ स्त्रिया हयात होत्या. औषध स्वस्त आहे आणि कोणत्याही शस्त्रक्रियागृहात मिळते.

गावाचे कर्तव्य

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यास बळी पडल्या. नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंचे हे प्रमाण मोठे आहे. स्त्रिया उशिरा रुग्णालयात येतात, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. उत्तमोत्तम खुणा शोधून काढल्या, तरी गाठ प्रयोगशाळेपर्यंत वेळेवर पोहोचल्याखेरीज त्यांचा लाभ नाही.

त्यासाठी मोठ्या यंत्रांचीच गरज असते असे नाही. मुंबईत १९९८ साली सुरू झालेल्या एका पाहणीत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश करण्यात आला. त्यांच्यापैकी एका गटाची, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, केवळ हातांनी स्तनतपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसून आले, की तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नास वर्षे व त्यावरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र असा लाभ आढळला नाही.

शासनाच्या कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यामार्फत करण्यात येते. स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज घातक आहे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे, परंतु ते ठरविण्याचे काम तपासणीचे आहे. शंभरात सुमारे एक रुग्ण पुरुष असतो, याचीही नोंद घ्यावी.

निदान झालेल्या स्त्रीने, किंवा तिच्या वतीने घरातील लिहिता-वाचता येणाऱ्या व्यक्तीने, डॉक्टरांना पाच प्रश्न अवश्य विचारावेत. गाठीचा आकार किती आहे? काखेतील किती ग्रंथी तपासल्या व त्यांत किती बाधित आढळल्या? श्रेणी कोणती? संप्रेरकांचे ग्राही आहेत काय? हर-टूचा निष्कर्ष काय? ही उत्तरे एका कागदावर लिहून ठेवल्यास, शेजारणीला गोळी का आणि आपल्याला सुई का, याचा उलगडा त्याच कागदावर होईल. उपचारांच्या खर्चासाठी कोणती शासकीय योजना लागू होते, याची चौकशी रुग्णालयात पहिल्याच भेटीत करावी. खेड्यांतील शिक्षक, ग्रामपंचायतीचे सेवक आणि आशा कार्यकर्त्या यांनी या कामी साहाय्य केल्यास अनेक घरांवरील संकट हलके होईल.

टिळकवाडीच्या ज्या परिसरात एके काळी देवीची लस तयार होत असे, तेथून ती गावोगाव पोहोचविणाऱ्या लसटोचकांनाही दारे बंद करून घेणारी घरे भेटत. पुढे तीच दारे उघडली आणि देवी हद्दपार झाली. कर्करोगाचे उच्चाटन एका लसीने होणार नाही. परंतु त्याच्या चालीच्या खुणा आज ओळखता येतात, आणि वेळेवर ओळखलेल्या खुणांवर उपाय आहेत. त्यासाठी गाठ लपविणाऱ्या स्त्रीने पहिले दार उघडावे आणि तिच्या घरच्यांनी तिच्यासोबत रुग्णालयाच्या दारापर्यंत जावे, हीच खरी निकड आहे.